स्टॅम्पपेपरवरची फारकत

बाळांनो, तुमच्या मावशीचं, म्हणजे माझ्या लेकीचं, दुसरं लग्न एवढं का लांबलं, असं तुम्ही विचारलंत. चूक माझी होती. तिचं पहिल्या नवऱ्याशी पटेना, तेव्हा दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी मालेगावला बसून फारकत ठरवली आणि मी ती स्टॅम्पपेपरवर स्वच्छ इंग्रजीत लिहिली. दोघांनी सह्या केल्या. मला वाटलं, काम झालं. पुढे दुसरीकडे लग्न ठरलं, तेव्हा तो कागद मी वाशिमच्या वकीलबाईंना दाखवला.

“काकू, हे कोनं लिवलं?”

“मीच.”

“इंग्रजी झकास हाये. पन यानं लगन मोडत नाही. कोर्टाच्या हुकमाबिगर पोरीचं दुसरं लगन लावसान तं गुन्हा होईन. हॉल बुक केला काय?”

“केलाय.”

“मंग आदी तो रद्द करा.”

त्याच दुपारी मी नव्या व्याह्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते थांबायला तयार झाले. वकीलबाईंनी दोघांच्या संमतीचा अर्ज लावला, आणि मावशी व तिचा पहिला नवरा प्रत्येक तारखेला हजर राहिले. हुकूम हातात आल्यावर मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच लग्नाची तारीख धरली.