सरीत पुरलेला कागद

पावणं, हे मी बायकोलाबी सांगितलेलं न्हाय. तुमास्नी सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचं न्हाय. का हाय कुणी तुमचं गडमुडशिंगीत? असलं तर आत्ताच सांगा — मी गप्प बसतो.

संशय घेतोय म्हणून राग मानू नका. सवयच लागलीया. हौसाक्काच्या रानात कुणी खुरपं घेऊन उतरलं की मी बांधावर जाऊन उभा ऱ्हातो. ह्यो लई खोल तर खणत न्हाय न्हवं? ती बाई का वाकली? काय उचललं तिनं? माझं काम सोडून मी तिच्या रानावर डोळा ठेवून बसतो — आणि गाव म्हणतंय, केवढी काळजी हाय बघा ह्याला!

हौसाक्का आमच्या रानाशेजारची. नवरा गेलेला, लेक सासरी. तिचं अर्धा एकर रान मी एका हंगामासाठी वाट्यानं घेतलं, टोमॅटो लावाय. झाली त्याला पाच वर्षं. गादीवाफ्यावर मल्चिंगचा कागद हातरला — प्लास्टिकचाच की त्यो, वरनं चंदेरी, खालनं काळा. खोटं कशाला बोलू, कागदानं पैशाचं चीज केलं. तण न्हाय, पाणी कमी लागलं, फळ मातीला टेकलं न्हाय. खुरपणीच्या बायकांचा रोजगार तेवढा बुडाला, त्यांनी शिव्या घातल्या असतील. घालू देत.

रान देताना हौसाक्काची अट एकच हुती. "कागुद समदा वेचून काढ रं बाबा. माझं रान हाय तसं दे."

"व्हय की," म्हणलो.

आता ह्यो कागद काढायचा कधी बघितलाय तुम्ही? मी घेतलेला हलक्यातला. उन्हानं असा विटला की धरून वढला की हातात एवढासा तुकडा, बाकीचा मातीत. दोन दिवस वाकून कंबर मोडली, तरी एक कोपरा मोकळा हुईना. तिकडं माझी ऊसलागण थांबलेली. मग — मग काय? दोन गाद्यांमधल्या सरीत सगळा कागद कोंबला, वर माती वढली, रान सपाट केलं. हौसाक्का येऊन बघून गेली. "चोख केलंस," म्हणली.

एवढंच असतं तर मी तुमास्नी थांबवून घेतलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात तिनं भुईमूग टोकला. एक पट्टा हिरवागार, एक पिवळा, परत हिरवा, परत पिवळा. कागदावर पाणी तुंबायचं, मुळी खाली जाईना. पट्टं कुठनं आलं हे मला कुणी सांगाय पायजे हुतं व्हय? बांधावरनं माझी सरी न् सरी मला मोजता येत हुती.

त्यातच खुरपणीच्या एका बाईला बांधावर लिंबू आणि हळदी-कुंकू दिसलं. बांधापलीकडचं रान ताराक्काचं, म्हंजे हौसाक्काच्या धाकट्या जावंचं. ती आपल्या बांधावरच्या देवाला दरसाल लिंबू वाहती, सगळ्या गावाला ठावं हाय. दोघी जावा त्याच बांधावर एका फडक्यातली भाकरी खायच्या. पण बाई बोलून गेली — "करणी हाय ही." हौसाक्काला पटलं न्हवतं. तिनं मला विचारलं. मला! "तुला काय वाटतं रं? आमची तारी असलं करंल व्हय?"

आणि मी म्हणलो, "असंल बी, अक्का. कुणाच्या पोटात काय हाय, कुणाला ठावं?"

माझ्या पोटात काय हुतं ते मला ठावं हुतं की.

तवापासनं जावा बोलत न्हाईत. ताराक्काच्या लेकीच्या लग्नात हौसाक्का अक्षता टाकायलाबी गेली न्हाय. आणि मी? तिच्या रानाची मशागत मी दरसाल फुकट करून देतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर आत येऊ नये, फाळ खोल लागू नये, म्हणून. वरवर रोटर मारतो आणि निघतो. लोकं म्हणत्यात, सख्खा भाऊ करणार न्हाय एवढं. असं कुणी म्हणलं की मी त्याचं तोंड निरखतो — ह्याला काय कळलंय का?

अजून सांगायचं हायच. आत्तापर्यंत मी नुसता वेळ काढत हुतो.

गेल्या साली ताराक्का माझ्या दारात आली. "तुझं ऐकती ती," म्हणली. "तिला म्हणावं, लेकीच्या गळ्याची आण, मी काय केलेलं न्हाय. एकदा घरला ये म्हणावं. मी पाया पडती."

"सांगतो," म्हणलो.

सांगितलं न्हाय. दोघी एका जागी बसल्या असत्या तर पयला सवाल काय निघाला असता? करणी न्हवती, तर मग काय हुतं?

आठ दिवसांनी ती परत आली. "सांगितलंस?"

"व्हय."

"मग? काय म्हणली?"

ती परत विचारू नये, एवढंच माझ्या डोक्यात हुतं. मी म्हणलो, "थुकली."

ताराक्कानं पदर सारखा केला आणि आली तशी गेली. त्यानंतर काय माझ्याकडं आली न्हाय.

उद्या हौसाक्काच्या रानात रोटर मारायला जायचंय. ती चहा घेऊन बांधावर उभी असंल. पलीकडं ताराक्का मान खाली घालून खुरपत असंल, आमच्याकडं बघणार न्हाय. हौसाक्का थुकली न्हवती. तिला कुणी काय विचारलंच न्हवतं.