कामरेजच्या बंगल्यातली सक्तीची विश्रांती

विश्रांतीसाठी इतके कष्ट उपसणारा दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. आणि बाळांनो, माझं सगळं आयुष्य प्राध्यापकांच्या गोतावळ्यात गेलं आहे. हे तुमच्या आजोबांचे मित्र. सुरतेच्या एका कॉलेजात दोघं बरोबर होते. आजोबा इंग्रजी शिकवत, हे पदार्थविज्ञान. गुजरातेतल्या कॉलेजांतून शिकवणारी आम्ही काही ख्रिस्ती कुटुंबं, बहुतेक मूळची नगर-नाशिककडची, दर मे महिन्यात कामरेजच्या पुढे तापीकाठी एका जुन्या मिशन बंगल्यात आठवडाभर राहायला जात असू. सकाळी उपासना, संध्याकाळी गाणी आणि प्रार्थना, मधला सारा दिवस नुसता विसावा, असा साधा बेत असे. त्या बंगल्यात सगळेच सर होते, तरी नुसतं ‘सर’ म्हटलं की ते हेच, कारण शिबिराचा कारभार त्यांच्याकडे होता. कोणी त्यांना तो दिलेला नव्हता. त्यांनी घेतला होता.

पूर्वी ते एन.सी.सी.चे अधिकारी होते, त्यामुळे गळ्यात शिट्टी असे. जेवणं झाली की शिट्टी व्हायची आणि सगळ्यांनी आडवं व्हायचं. मग सर व्हरांड्यातून फेऱ्या घालत, कोण झोपलं नाही ते बघायला. त्यांच्या कोल्हापुरी वहाणा अशा करकरत की ज्यांचा डोळा लागला असेल तेही जागे होत. आणंदचे एक गणिताचे प्राध्यापक एकदा छताकडे बघत पडले होते. सर खिडकीतून म्हणाले, “तुमचे डोळे उघडे आहेत.”

“सर, जरा विचार करतोय.”

“तो जूनमध्ये करा.”

मे महिना म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याचा. पण शिबिरात गठ्ठे आणायला सक्त मनाई होती, आणि आलेल्या प्रत्येकाची बॅग सर फाटकाशीच चाचपून बघत. याच गणितवाल्यांनी एका वर्षी त्यांना चुकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनेच फितुरी केली. “सर, ह्यांची उशी रात्रभर कुरकुरते हो,” ती म्हणाली. उशीच्या अभ्र्यातून बी.एस्सी.चा अख्खा गठ्ठा निघाला. सरांनी तो कपाटात बंद करून किल्ली खिशात टाकली आणि त्या गृहस्थांना झाडाखाली नेऊन बसवलं. तिथे ते दिवसभर मेल्याहून मेल्यासारखे बसले होते. सरांच्या मते ती विश्रांती होती.

आणखी एक नियम म्हणजे आठवडाभर बायकांनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. रांधायचं पुरुषांनी. नियम चांगला होता, पण आमचे इतिहासाचे प्राध्यापक कणीक भिजवताना कोपरापर्यंत माखत, आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वांगं चिरायच्या आधी ते कोणत्या कुळातलं हे समजावून सांगत. सर भाताच्या प्रचंड पातेल्यात थर्मामीटर धरून उभे असत. आम्ही बायका बाहेर आंब्याखाली बसून फोडणी जळाल्याचा वास घेत असू आणि आत धावू नये म्हणून एकमेकींना धरून ठेवत असू. बंगल्याचा रखवालदार एकदा हात जोडून म्हणाला, “साहेब, सहु आराम करे छे, तमे एकला थाकी जशो.” सगळे आराम करताहेत, तुम्ही एकटेच थकून जाल. सर म्हणाले, “कोणीतरी थकल्याशिवाय बाकीच्यांना आराम कसा मिळणार?”

आता मी तुम्हांला सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याबद्दल सांगते. बडोद्याची बरीच मंडळी त्या वर्षी घाबरून आलीच नाहीत. सर मात्र नेहमीपेक्षा लवकर आले, कारण त्यांची बायको आजारी होती. मी त्यांना वहिनी म्हणत असे. मोठ्या बोलक्या बाई. सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या त्यांच्या घरी गेलं की निरोप घेऊन उठल्यावरही दारात तासभर गप्पा होत. त्यांचं हृदय थकलं होतं, आणि आता फारसं करण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जपा, विश्रांती द्या, एवढंच. सरांनी त्यातला ‘विश्रांती’ हा शब्द तेवढा उचलला. इतकी वर्षं जे काम त्यांनी शिबिरात केलं, तेच काम आता बायकोला वाचवणार होतं.

त्यांनी वहिनींची खाट नदीकडच्या व्हरांड्यात टोकाला लावली, तिथे सावली असे म्हणून. मुलांना त्या बाजूला खेळायला बंदी केली. भेटायला येणाऱ्यांना ते लांबूनच हाताने परतवत. “बोलण्याने श्रम होतात,” ते म्हणत. मला तेवढी परवानगी होती, कारण मी मोजकं बोलते असा त्यांचा समज होता. स्वतः ते दर थोड्या वेळाने येत, नाडी बघत, उशी सारखी करत आणि लगेच जात. वहिनी म्हणत, “अहो, जरा बसा ना. मला तुम्हांला काही सांगायचंय.” सर म्हणत, “सावकाश सांग. बरी झालीस की.” आणि वहाणा करकरत निघून जात.

एका दुपारी वहिनी मला म्हणाल्या, “ताई, मला झोप नकोय हो. पुढे झोपच आहे. मी गेल्यावर काय करायचं, ते ह्यांच्या कानावर घालायचंय. घरी विषय काढला की हे दूध आणायला जातात. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या मावेनात.”

आम्ही दोघी हसलो. हसताना त्यांना धाप लागली आणि त्याबरोबर सर आलेच. त्यांनी मला बोटाने खूण करून उठवलं. तुमच्या आजोबांनी त्यांना बाजूला घेऊन पुष्कळ समजावलं, की बाबा रे, तिचं ऐकून घे. सर म्हणाले, “तिने सांगितलं आणि मी ऐकलं, म्हणजे ठरलंच की रे. मी नाही ऐकणार.”

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी साक्षी होत असत. ज्याच्या मनात येईल त्याने उठायचं आणि देवाने या वर्षात आपल्यासाठी काय केलं, ते सर्वांसमोर सांगायचं. त्या वेळी कोणी मध्ये बोलायचं नाही, असा नियम होता. तोही सरांनीच केलेला, कारण एकदा तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी दुसऱ्याच्या साक्षीवर शंका काढली होती. त्या संध्याकाळी वहिनींना आरामखुर्चीत बसवून मंडळींच्या मागे आणलं होतं. दोघा-तिघांच्या साक्षी झाल्या आणि त्यांनी हात वर केला.

“तू नको,” सर म्हणाले. “दमशील.”

उपासना चालवणारे म्हातारे पाळक शांतपणे म्हणाले, “सर, साक्षीला थांबवत नाहीत. तुमचाच नियम आहे.”

वहिनी बसूनच बोलल्या. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं. “प्रभूने मला चांगला संसार दिला, त्याचे उपकार मानते. पुढच्या उन्हाळ्याला मी नसेन. हे घरात बोलू देत नाहीत, म्हणून इथे बोलते. मला नगरला नेऊ नका. तिथे माझं आता कोणी उरलेलं नाही. सुरतेतच माती द्या, म्हणजे ह्यांना रविवारी येता येईल. ह्यांना भात येतो, पण सगळ्या शिबिराचा. एका माणसाचा कोणीतरी शिकवा.” लोक हसले. मग त्या सरांकडे वळून म्हणाल्या, “आणि मी दमलेली नाही हो. मला त्या व्हरांड्यात एकटं वाटतं.”

सर भिंतीशी उभे होते. ते पुढे आले आणि वहिनींच्या खुर्चीपाशी जाजमावर मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत त्यांना शिबिरात खाली बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाळकांनी पुढची साक्ष कोणाची असं विचारलं नाही. कोणीतरी गाणं सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, पण ते दोघं मागे राहिले. ट्रंका टेम्पोत चढवताना मी वळून पाहिलं. सर खाटेच्या कडेला बसले होते, वहिनी बोलत होत्या, आणि सर मान खाली घालून ऐकत होते.

वहिनी जुलैत गेल्या. त्यांनी सांगितलं होतं तसं सुरतेतच त्यांना मातीत ठेवलं. एका माणसाचा भात तुमच्या आजोबांनी शिकवला; त्या खटपटीत दोन प्राध्यापकांनी मिळून माझी चांगली पातेली जाळली. पुढची काही वर्षं दर रविवारी उपासना झाली की सर आधी वहिनींकडे आणि मग आमच्याकडे येत. सुरुवातीला हवापाण्याचं बोलत. मग हळूच विचारत, “तेव्हा शिबिरात दुपारी तुम्ही तिच्याजवळ बसायचात. काय बोलायची ती?” मी आठवेल ते सांगत असे. त्यात विशेष काही नसे. नदीचं पाणी किती खाली गेलंय, पलीकडे कोणाची म्हैस डुंबतेय, नगरला असताना त्यांच्या आईच्या हातच्या शेवया कशा असत. सर प्रत्येक वेळी म्हणत, “अजून?”

एकदा मी सांगितलं, “तुम्ही व्हरांड्यातून जायला लागलात की म्हणायच्या, ह्यांनी सगळ्यांना वाढलं, पण स्वतः जेवलेले दिसत नाहीत. भूक लागली असेल.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

“लागलेली असायची,” ते म्हणाले, आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले.