नवेगाव बांधच्या वाटेवर बंद केलेली गाडी

या ब्लॉगवर मी माझ्या जुन्या सहली लिहीत आलो. ही एक मात्र दरवेळी टाळली. गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं, "गोंदियाहून नवेगाव बांधला स्वतःच्या गाडीने जायचंय, काय काळजी घ्यावी?" उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ही सहल सांगितल्याशिवाय ते उत्तर खरं होणार नाही.

साल अठ्ठावन. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी नवा डॉक्टर, दवाखाना टाकून जेमतेम वर्ष झालेलं. नागपूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून मी जुनी विलायती गाडी घेतली. काळी, चार दारांची. चोक किती ओढायचा, स्टार्टरची खुंटी किती वेळ दाबायची, चढावर हँडब्रेक कसा सोडायचा, हे त्यांच्या ड्रायव्हरने मला चार दिवसांत शिकवलं. मागची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत असं दार उघडलं तर वारा ते हिसकावून नेतो आणि माणूसही बाहेर जातो. म्हणून आतल्या मुठीला कुलपाची सोय होती: मूठ खाली दाबली की दार बंद, वर उचलून ओढली की उघडं. चार दिवसांच्या या विद्येवर मी स्वतःला मोठा जाणकार समजू लागलो होतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुसुम, माझी बायको, म्हणाली, "गाडी आहे तर नवेगावचं तळं तरी दाखवा." दोन दिवसांची सुट्टी काढली आणि शनिवारी सकाळी निघालो.

पेट्रोल गोंदियातच भरून घ्यावं लागे, पुढे भरवसा नव्हता. टाकी भरली आणि वर एक टिन भरून सोबत घेतला. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहब, काठोकाठ मत भरवाओ, गरमी में फूलता है. और डिक्की में रखो, अंदर नहीं." डिक्कीत अंथरुणाची वळकटी, स्टोव्ह, भांडी आणि कुसुमची ट्रंक होती. ती उतरवून पुन्हा लावायचा मला कंटाळा आला. टिन मी मागच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागेत सरकवला.

गोरेगावपर्यंत मुरमाचा रस्ता, खूप धूळ. पुढे कोहमाऱ्याला मुंबई-कलकत्त्याच्या मोठ्या रस्त्याला लागलो की गाडी नीट पळते. धानाची कापणी कधीच झालेली, बांध्यांमध्ये नुसती खुंटं. पळस ऐन भरात, मोहाची फुलं पडायला लागलेली, त्यामुळे रानातून जाताना हवेला गोडसर, थोडा आंबूस वास. चहासाठी आम्ही थोडं आडवं जाऊन सौंदडला थांबलो. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात भजी आणि चहा मिळाला. भजी तेव्हाही चांगली होती, आता कुठल्या हॉटेलात मिळतात ते मला माहीत नाही.

तिथेच मी टिनमधलं थोडं पेट्रोल टाकीत ओतायला घेतलं. गरज नव्हती. हॉटेलातले चार लोक बघत होते, एवढंच कारण. नरसाळं हलत होतं. तेवढ्यात एक म्हातारा लंगडत आला आणि न सांगता त्याने नरसाळं धरलं. त्याच्या कानावर बिडी होती, न पेटवलेली.

"बिडी दूर ठेवा," मी ओरडलो. "भडका उडेल."

त्याने मुकाट्याने बिडी काढून हॉटेलाच्या ओट्यावर ठेवली आणि परत येऊन नरसाळं धरलं. काही पेट्रोल सांडलं, काही त्याच्या धोतरावर उडालं. मी टिनचं झाकण घाईत बसवून तो पुन्हा मागच्या सीटखाली सरकवला. आटे नीट बसले नव्हते, हे मला तेव्हाच हाताला जाणवलं होतं.

त्याचं नाव लटारी. साठीच्या पुढचा, तळी बांधणाऱ्या कोहळी जातीचा शेतकरी, नवेगावचाच. "गाडी सुटली जी माझी," तो म्हणाला. "घुटना सुजला हाय. नवेगावले सोडून द्याल का?"

गुडघा खरोखर सुजला होता. कुसुम लगेच हो म्हणाली. मी त्याला मागे बसवलं आणि दार लावता लावता ताकीद दिली, "हे बघा बाबा, आत कशालाही हात लावायचा नाही. दार उघडलं तर बाहेर फेकले जाल."

"हव जी," तो म्हणाला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

वाटेत तो तळ्याबद्दल बोलला. तळ्याला ते लोक तरा म्हणतात. कोहळ्यांच्या वाडवडिलांनी डोंगरांच्या मधली जागा हेरून पाळ कशी घातली, पाणी कुठल्या बांधीत आधी जातं, हे तो काल घडल्यासारखं सांगत होता. कुसुम मागे वळून ऐकत होती. मी फारसं ऐकत नव्हतो.

नवेगावच्या अलीकडे दोन-तीन मैलांवर रस्त्यापासून आत एक लहान तलाव दिसला आणि त्याच्या चिखलात सारसांची जोडी. मी कॅमेरा घेतला. कुसुमही उतरली. लटारी बाबा म्हणाले, "तुमी पाहून या जी. मी बसतो. घुटना चालू देत नाई."

आता जे सांगतो ते टाळण्यासाठीच ही सहल मी इतकी वर्षं लिहिली नाही.

मागच्या सीटवर माझी डॉक्टरी बॅग होती आणि कुसुमची पिशवी, जिच्यात तिच्या बांगड्या होत्या. मी चारही काचा वर केल्या. आत वाकून मागच्या दोन्ही मुठी खाली दाबल्या. पुढचं दार किल्लीने बंद केलं.

"काचा कशाला लावताय?" कुसुमने विचारलं. "आत माणूस आहे."

"माकडं आहेत इथे. दहा मिनिटांत येतो आपण."

कुसुमने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती पुढे चालू लागली.

सारस पुढे पुढे जात राहिले आणि आम्ही त्यांच्या मागे. परत आलो तेव्हा माझ्या घड्याळाप्रमाणे पाऊण तास झाला होता. ऊन डोक्यावर. काळी गाडी, जिथे हात लावावा तिथे चटका. लटारी बाबा मागच्या सीटवर एका अंगावर कलंडले होते. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. दार उघडलं तेव्हा पेट्रोलच्या वाफेचा असा लोट आला की माझंच डोकं गरगरलं. टिन कलंडून झाकणातून पाझरत होता. त्यांच्या पायाखालची चटई भिजली होती.

आम्ही दोघांनी त्यांना ओढून मोहाच्या सावलीत नेलं. नाडी होती, पण भरभर आणि बारीक. अंग भाजत होतं. मी कपडे सैल केले, होतं तेवढं पाणी अंगावर शिंपडलं, कुसुमने पदराने वारा घातला. मोहफुलं वेचणाऱ्या दोन बाया धावत आल्या. त्यांच्याजवळ पाण्याचं मडकं होतं, ते त्यांनी सगळं दिलं.

"का झालं जी?" त्यातल्या एकीने विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणालो. "मी डॉक्टर आहे."

ही दोन्ही वाक्यं खरी होती. दोन खऱ्या वाक्यांनी एवढं खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

वीस मिनिटांनी बाबांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. बाया पाणी आणायला गेल्या तेव्हा मी खाली बसून विचारलं, "बाबा, दार उघडायचं होतं. मूठ वर ओढली की उघडतं."

"तुमीच म्हनलं ना जी, कायलेच हात लावू नोका म्हनून." आवाज फुटत नव्हता त्यांचा. पुढे म्हणाले, "मंग जीव घाबराले लागला तवा एक डाव दाबून पाहिली ती मूठ. नाई उघडली."

मूठ मी आधीच खाली दाबून ठेवली होती. ते तिला आणखी खालीच दाबत राहिले होते.

"मग काच फोडायची."

"तुमची गाडी होये जी. काच महाग रायते."

कुसुम उठून झाडाच्या पलीकडे गेली. मी बाबांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, कारण त्यांच्याकडे बघायचं नव्हतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं.

टिन मी तिथेच उरलेल्या पेट्रोलसकट डिक्कीमागच्या लोखंडी पट्टीला दोरीने बांधला. झाकण आटे लावून घट्ट केलं. सगळ्या काचा खाली घेतल्या. जे सकाळी पाच मिनिटांत करता आलं असतं ते आता केलं. बाबांना उठून बसता येईपर्यंत उन्हं कलली, मग सावकाश नवेगावला गेलो.

त्या दोन बायांपैकी एक नवेगावचीच होती. ती आडवाटेने आमच्याआधी पोचली आणि गावाला बातमी लागली. बाबांच्या अंगणात माणसं जमली होती. त्यांची मुलगी सायत्रा हिने बाबांना बाजेवर निजवलं आणि आम्हाला विहिरीवर हातपाय धुवायला पाणी दिलं. आम्ही परत आलो तेव्हा ताटं मांडली होती. भात, तळ्यातल्या मासळीचं कालवण, लाखोरीची डाळ. दिवस अजून मावळला नव्हता. शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, "डॉक्टरसाहेब संगं होते म्हनून वाचला लटारी. नाई तं रस्त्यावरच गेला असता."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. लोकांना तो विनय वाटला असावा. सायत्राने मला दुसऱ्यांदा मासळी वाढली. बाजेवरून बाबा सगळं ऐकत होते. कुसुमने जेमतेम चार घास खाल्ले.

आम्ही मुक्कामाला डाक बंगल्यावर गेलो. सकाळी तळं पाहिलं. तुम्ही जाल तर सूर्य उगवायच्या आधी पाळीवर उभे राहा. डोंगर पाण्यात उतरल्यासारखे दिसतात आणि कोळ्यांचे डोंगे त्यांच्यावरून सरकतात. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं आणि त्या सकाळी मला ते बघवत नव्हतं. इटियाडोहाचं धरण तेव्हा झालेलं नव्हतं. आता आहे, वेळ काढून तिकडेही जा.

निघताना बाबांना बघायला गेलो. ते बसले होते, डोकं अजून दुखत होतं. नाडी पाहिली, गुडघ्याला पट्टी बांधली. मग ते म्हणाले, "मले गाडीपाशी नेता का? ते दार कसं उघडते ते दाखवा."

मी त्यांना हात धरून नेलं. ते मागच्या सीटवर बसले, मी बाहेरून दार लावलं. मूठ खाली, मूठ वर. त्यांनी चार वेळा दार उघडलं आणि लावलं. काचेचा दांडा फिरवून काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"सोपं हाय जी," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर गोरेगाव मागे पडलं. तेव्हा कुसुमने समोर बघत विचारलं, "तिथे माकडं होती का?"

"नव्हती."

तिने मान हलवली. आमच्या संसारात हा विषय पुन्हा निघाला नाही.

ज्यांनी काळजी विचारली त्यांना माझं उत्तर असं. सुटं पेट्रोल माणसांजवळ ठेवू नका, शक्यतो नेऊच नका. टाकी भरताना इंजिन बंद करा. गाडीत कोणी नवा माणूस बसला, मग तो गडी असो की मंत्री, तर त्याला आधी दार कसं उघडायचं ते दाखवा, मग पुढचे नियम सांगा. बंद गाडीत कोणालाही सोडून जाऊ नका, दहा मिनिटांसाठीही नाही. हे सगळं मला डॉक्टर म्हणून आधीच माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण मला त्या पिशवीची काळजी जास्त होती.

त्याच वर्षी, पावसाळा संपताना, सायत्रा माझ्या गोंदियाच्या दवाखान्यात आली. कडेवर तापाने फणफणलेली दोन वर्षांची मुलगी. हिवताप होता. मी औषध दिलं आणि पोरीला तासभर तिथेच ठेवून घेतलं. दवाखाना रिकामा झाल्यावर मी खुर्ची सोडून उठलो. इतके महिने मनात जुळवलेलं वाक्य होतं, ते सगळं विसरलो.

"सायत्राबाई, तुमच्या बाबांना नुसतं ऊन लागलं नव्हतं. मी त्यांना गाडीत बंद करून गेलो होतो. चोरीच्या भीतीने."

ती पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. तिने हात थांबवला नाही.

"मालूम हाय," ती म्हणाली. "तुमी विहिरीवर हातपाय धुऊन येवोस्तोर बाबानं सांगतलं होतं आमाले."

म्हणजे त्या अंगणात ताट वाढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. जीव वाचवणारा डॉक्टर म्हणून माझा उदोउदो करणाऱ्यालाही. मी मान खाली घालून भात कालवत होतो आणि ते सगळे बघत होते, मी काही बोलतो का.

"मग माझ्याकडे काऊन आलात?" मी विचारलं. 'का'ऐवजी त्यांचाच शब्द माझ्या तोंडी कसा आला कोण जाणे.

सायत्राने पोरीला खांद्यावर घेतलं, पदर सावरला.

"पोरीले ताप होता जी," ती म्हणाली. "दवा कवा कवा देवाची, तेवढं सांगा."

मी सांगितलं. सकाळी एक, सांजेला एक, जेवणानंतर. तिने ते माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं आणि ती निघून गेली.