टाकेबाईंनी अडवलेली रोपं

माझी आत्या बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कापड तपासायची. भिंग लावून धागे मोजायचे, विरलेली जागा हुडकायची. कारखाना बंद पडल्यावर ती मिरचीच्या रोपवाटिकेत लागली, रोपांच्या मांडवाची फाटकी जाळी शिवायला. तिथं सगळे तिला टाकेबाई म्हणू लागले. भिंग मात्र तिनं सोडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात जाळीवर भिंग धरून ती व्यवस्थापकाला म्हणाली, "यातून पांढरी माशी सहकुटुंब सहपरिवार आत जाईल."

"फवारणी करतो ना आपण? बाई, तुम्ही शिवायचं बघा."

जाळीपेक्षाही तिला मांडवाचं दार खुपत होतं. ते दिवसभर सताड उघडं असायचं, आणि समोरच नळापाशी व्यवस्थापकानं हौसेनं लावलेली मिरचीची चार जुनी झाडं होती. खुरटलेली, पानं वाटीसारखी वळलेली. बोकड्या रोगच तो. फांदी हलवली की पिठाच्या कणांसारख्या माश्या उडायच्या आणि दारातून आत शिरायच्या. आजारी पानाचा रस प्यायचा आणि तेच तोंड निरोगी रोपात खुपसायचं, एवढंच त्यांचं काम. रोग लागलेलं रोप पुढे दोन-तीन आठवडे ठणठणीत दिसतं, ही खरी मेख.

"ती चार झाडं उपटा," आत्या म्हणाली.

व्यवस्थापक हसला. "चार झाडांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

आत्याला कुणी हसलं की ती पेटते. तिनं मलमलीच्या दोन पिशव्या शिवल्या, घरीच कापडाखाली वाढवलेल्या रोपांच्या दोन कुंड्यांवर घातल्या. एका पिशवीत त्या झाडांवरच्या माश्या सोडल्या, दुसरीत काहीच नाही. माझी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "वन्सं, लोक घरातून माश्या हाकलतात, तुम्ही पाळताय!"

तीन आठवड्यांनी दोन्ही कुंड्या घेऊन ती थेट रोपवाटिकेच्या मालकीणबाईंच्या टेबलाशी गेली. एकीतली पानं ताठ, दुसरीतली चुरगळलेली. बाहेर टेम्पो उभा होता. आदल्या दिवशी रोपांची एक खेप गेली होती, दुसरी भरायची होती.

"योगायोग आहे," व्यवस्थापक म्हणाला.

"मग ही खेप पंधरा दिवस थांबवा. योगायोग असेल तर कळेलच."

"टाकेबाई, रोपं हिरवीगार आहेत हो," मालकीणबाई म्हणाल्या.

"आज आहेत."

आत्या जाऊन दारात मांडी घालून बसली. "माझ्या अंगावरून रोपांचे ट्रे न्यायचे असतील तर न्या." हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच पुढे होईना. शेवटी टेम्पो रिकामा परतला, आणि व्यवस्थापकानं आत्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"उद्यापासून ना? आज तर मी आहे," असं म्हणून तिनं त्या चारही झाडांवर घरून शिवून आणलेली एकेक मोठी पिशवी ओढली, माश्यांसकट तोंड आवळून बांधलं आणि सगळ्यांदेखत ती मुळासकट उपटली.

घरी येऊन तिनं हात धुतले. "नोकरी गेली," म्हणाली, आणि पोटभर जेवली.

बाराव्या दिवशी मालकीणबाई आमच्या दारात. अडवलेल्या रोपांची पानं वळायला लागली होती. "चुकलंच माझं. या परत. जाळी तुम्ही म्हणाल ती, एका दाराऐवजी एकामागे एक दोन दारं लावू."

"ते नंतर. आधी गेलेली खेप ज्यांनी लावली त्यांना सांगितलंत?"

"नाही अजून," मालकीणबाई म्हणाल्या.

"तुमची रोपं त्यांच्या वावरात उभी आहेत. तिथली माशी आता शेजारच्या वावरात जाईल. व्यवस्थापकाला पाठवू नका. तुम्ही स्वतः चला, मी येते बरोबर."

मालकीणबाई उंबऱ्यातच अडल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकून घ्यायचं," आत्या म्हणाली. तिनं आजारी रोपं उपटताना त्यांवर घालायला मलमलीच्या पिशव्यांचा गठ्ठा बगलेत मारला आणि त्यांच्या आधी जाऊन गाडीत बसली.