खेळाडूंची हर्राशी

आर्णीच्या त्या मंगल कार्यालयात मी पाऊल ठेवायलाच नको होतं, असं आमचे प्राचार्य अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे. मी पुन्हा जाईन आणि पुन्हा तेच करीन.

झालं असं की आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटची लीग निघाली. सहा संघ, सहा मालक. कुणी कापसाचा जिनिंगवाला, कुणी खत-बियाण्यांचा दुकानदार, कुणी प्लॉट विकणारा. टीव्हीवर बघून यांनाही खेळाडूंचा लिलाव करायचा होता. पण लिलाव म्हणजे त्यांना ठाऊक एकच, बाजार समितीतली हर्राशी. माझे वडील तिथं जन्मभर कापसाचा पुकारा करत. त्यांचा आवाज माझ्यात उतरला, वर मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. म्हणून मंडळी घरी आली. "मॅडम, पुकारा तुमीच करा. तुमच्याशिवाय शोभा नाही." मी फुगले, खोटं कशाला बोलू? खेळाचा धंदा वर्गात शिकवतेच, एकदा जवळून बघू म्हटलं.

तिथं गेल्यावर नियमांचा कागद हातात पडला आणि चौथा नियम वाचून डोकंच फिरलं. विकत घेतलेला खेळाडू हंगामभर दुसऱ्या कुठल्याही गावच्या सामन्यात खेळणार नाही. लीग दहा दिवसांची आणि बंधन अख्ख्या हिवाळ्याचं! खेळाडूला दाबून ठेवायची ही मालकांची जुनीच चाल, परदेशातली उदाहरणं देऊन मी पोरांना शिकवत होते. ती आता आर्णीत, माझ्याच हातात. मी खतवाल्याला विचारलं, "हे काहून?" तो हसला. "मॅडम, इकत घेतलेला बैल दुसऱ्याच्या वावरात कोणी जुपते का?"

समोर खेळाडू प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, छातीवर नंबर लावून बसलेले. अकरा नंबरचा माझाच जुना विद्यार्थी. कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, तिशीचा, पांढरकवड्याच्या हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणारा. तसा वेगवान बॉलर दहा गावांत नाही. हिवाळाभर तो मारेगावपर्यंत जाऊन गावोगावचे सामने खेळे आणि त्या पैशांवर बायकोला नर्सिंग शिकवे. तिचं शेवटचं वर्ष होतं. त्या चौथ्या नियमानं तिचं कॉलेज सुटणार होतं.

त्याचा नंबर आला. मूळ बोली जिनिंगवाल्यानं दिली आणि पुढे सगळे गप्प. आत्ताच एका साध्या बॅट्समनवर तुटून पडलेले हे लोक! मी पहिल्या रांगेत पाहिलं. जिनिंगवाल्याच्या मांडीवर त्याचा खांद्यावरचा दुपट्टा आणि त्याखाली त्याचा नि खतवाल्याचा हात. बैलबाजारात दलाल असेच झाकल्या हातानं बोटं दाबून भाव ठरवतात. यांना वाटलं, बाईला काय कळतंय. अरे, मी पुकारेवाल्याची पोरगी आहे! तुमची बोटं मला दुपट्ट्यावरून दिसतात.

"एक बार, दोन बार" म्हणून मी थांबले आणि माईकवरच बोलले, "तो दुपट्टा काढा. आणि चौथा नियम खोडा. नाहीतर तिसरा पुकारा होणार नाही."

एकच गलका उठला. "मॅडम, तुमाले पुकारायले बोलावलं, शिकवायले नाही!"

"मग फुकट शिकवते. भाव आधीच ठरला असेल तर हा बाजार नाही, लूट आहे. लूट पुकारायला दुसरं कोणी बघा."

माईक टेबलावर आपटला आणि निघाले. बाहेर आल्यावर मात्र भान आलं. माझा पगार शाबूत होता. माझ्या तोऱ्यापायी त्या बॉलरचा हंगाम बुडाला असता तर? मागे वळले तर तो पायऱ्या उतरत होता, छातीवरचा नंबर काढत. त्याच्यामागे आणखी आठ-नऊ जण.

चार दिवस मालक गुरगुरले. पण बॉलर नाहीत तर बघायला कोण येणार, आणि बघणारे नाहीत तर यांच्या दुकानांचे बॅनर कोण वाचणार? पाचव्या दिवशी सकाळी जिनिंगवाला माझ्या दारात. "मॅडम, चाला संगं. तो तुमचं आयकते."

"येते. पण मी एक शब्द बोलणार नाही."

अकरा नंबरवाला आपल्या दुकानात ट्रकचं चाक खोलत होता. जिनिंगवाल्यानं कागद पुढे धरला. चौथ्या नियमावर काट मारलेली होती. "घे बावा, खोडला. आता तूच सांग, कितीत इकत घेऊ तुले?"

त्यानं हात पुसले, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"मले इकत नका घेऊ, भाऊ. मॅचचे पैसे द्या. मॅच झाली का मी माह्या घरी."

जिनिंगवाला माझ्याकडे बघायला लागला. मी हायवेवरचे ट्रक मोजत राहिले. शेवटी त्यानं खिशातून पेन काढलं आणि कागदावर जिथं जिथं 'विकत' लिहिलं होतं, तिथं तिथं उभ्या उभ्या काट मारत गेला.