लाल चादर, गुलाबी धोतर

ताईच्या लग्नाला दोन आठवडे उरले आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला: आहेरात सोलापुरी चादरी हव्यात, त्याही लाल. झालं! आईने एकदा तशीच एक चादर आणली होती. पहिल्याच धुण्यात बाबांची धोतरं गुलाबी झाली आणि तेव्हापासून सोलापूरचा यच्चयावत लाल रंग आमच्या घरी फसवा ठरला.

"रंग गेला तर विहीणबाई ताईचा जन्मभर उद्धार करतील," आईने मला बजावलं. "आणि नवी पेठेतलं ते हिरव्या दाराचं दुकान टाळ!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मिरजेहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने सोलापूर. (ती छोटी गाडी आता शोधू नका.) स्टेशनजवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. चटणी बेताने घ्या. मी फुशारकी मारली आणि रडत रडत नवी पेठ गाठली. तिथे मुद्दाम निळ्या दाराच्या दुकानात शिरलो.

दुकानदार स्वतः विणकर होता. मी ओला रुमाल काढून लाल चादरीचा कोपरा घासू लागलो, तसा तो हसला.

"मिरजेचे का?"

"कसं ओळखलंत?"

"मिरजकर समदे असेच. आदी ओला रुमाल!"

"किती मिरजकर पाहिलेत?"

"एक बाई आल्या होत्या. पन तेवड्यात पुरं पडलं की! लई सांगितलं, पयल्यांदा मिठाच्या थंड पान्यात भिजवा. तर म्हनल्या, मला शिकवू नका. उकळत्या सोड्यात घातली आसंल!"

आमच्याकडे सगळंच उकळत्या सोड्यात जायचं. आणि 'मला शिकवू नका' म्हणणारी बाई मी चांगली ओळखत होतो. दाराकडे पाहिलं, तर निळ्या रंगाचे पोपडे निघाले होते आणि खाली हिरवा दिसत होता. मी गुपचूप डझनभर लाल चादरी बांधून घेतल्या.

घरी आल्या आल्या, आईला हात लावू न देता, एक चादर मिठाच्या थंड पाण्यात बुडवली आणि सोबत बाबांचं धोतर. ताई बादलीपाशी रडायच्या बेतात बसून होती. तासाभराने धोतर पिळलं. पांढरं स्वच्छ!

आईने ते उजेडात धरून दोनदा पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "सोलापूरकर सुधारले!"

सगळ्या आया अशाच असतात. मला एकच होती, पण तेवढ्यात पुरं पडलं की!