पेडगावचा नाईक उद्धव

मी परभणीची. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून माझं पहिलं पोस्टिंग उत्तर बंगालमध्ये झालं. हॉस्पिटलच्या कुंपणापलीकडं जंगल सुरू व्हायचं. एकेकाळी ते राजाचं शिकारीचं रान होतं. आता त्याच्या बंगल्यात पर्यटक उतरत आणि जीपमधून गेंडे, हत्ती बघत फिरत. आम्हाला हत्ती रोजचेच. पिठाच्या वासानं ते कुकहाउसची भिंत पाडत. वॉर्डात केळी ठेवायला बंदी होती.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर नाईक उद्धव परभणीजवळच्या पेडगावचा. सगळ्यांसमोर तो मला मॅडम म्हणे, दोघंच असलो की ताई. रस्त्यात हत्ती दिसला की इंजिन बंद करून बसे.

"हॉर्न वाजव की," मी एकदा म्हणाले.

"ताई, त्याला काय तुमची रँक दिसायलीय व्हय? जाऊ द्या. आमच्या घरचा देव हाय."

त्याची आई दरवर्षी गणपती बसवायची.

एका दुपारी आम्ही चौकीवर औषधं पोचवून परतत होतो. वळणावर पर्यटकांची जीप उभी होती. हत्तीच्या पिलाचा फोटो काढायला माणसं खाली उतरली होती. झाडीतून हत्तीण निघाली. पळताना एक म्हातारे गृहस्थ पडले. उद्धवनं गाडी आडवी घातली.

"मागचं दार उघडा ताई. खाली उतरू नका."

त्यानं म्हाताऱ्याला उचलून आत ढकललं. तो स्वतः चढायच्या आत हत्तीणीनं त्याला गाठलं.

पिलाला घेऊन ती निघून गेल्यावर आम्ही त्याला आत घेतलं. जीपच्या ड्रायव्हरनं अँब्युलन्स हाणली. मी वायरलेस सेट उचलला.

"कॅज्युअल्टी एक. छाती चेपलीय. सर्जन तयार ठेवा. ओव्हर."

"रॉजर."

उद्धव शुद्धीवर होता. "माझ्या मायला हत्ती सांगू नका. गाडी उलटली म्हणा."

"बोलू नकोस."

"म्हणाल ना?"

"म्हणेन."

हॉस्पिटलचं गेट दिसायच्या आत तो गेला.

रजेवर आले तेव्हा गणपतीचे दिवस होते आणि विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळं एसटी बंद होत्या. भाड्याच्या जीपनं पेडगावला गेले. त्याच्या आईला सांगितलं, गाडी उलटली.

"खोटं बोलायलीस, बाई. मानवतचा त्याच्या पलटणीतला पोरगा येऊन गेला. हत्तीण व्हती म्हणं."

मी होकारार्थी मान हलवली.

"पिलू व्हतं का संगं?"

"होतं."

"मग ती कशी सोडंल," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

घरात गणपती नव्हता. सुतकाचं वर्ष म्हणून मी विचारलं नाही. पुढंही भाद्रपदात जमेल तेव्हा जात राहिले. त्या घरात गणपती पुन्हा बसला नाही. पाट मात्र मांडलेला असायचा आणि त्यावर उद्धवचा युनिफॉर्ममधला फोटो. आरती नाही, मोदक नाहीत.

"या दिवसांत घरी यायचा त्यो," एवढंच ती म्हणाली.

मी साडीत होते. तरी पाटासमोर सावधान उभी राहिले.